यंत्र हाताळूनच घेतलं जातं

'येत्या काही वर्षांत सगळी प्रदर्शनं ऑनलाइन जाणार' हे मत हल्ली ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरचं सेबिट हे संगणक-तंत्रज्ञानाचं प्रदर्शन 2018 नंतर बंद झालं, 2024 मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोनेही गाशा गुंडाळला, हे खरं. पण त्यांचा जीव नव्या मालाच्या घोषणेत होता, आणि ती आता कंपन्या स्वतःच थेट प्रक्षेपणातून करतात. पुण्याजवळच्या मोशीच्या किसान या शेती प्रदर्शनात बघा: शेतकरी पॉवर वीडरचं, म्हणजे तण काढायच्या यंत्राचं, हँडल उचलून वजन अजमावतो, वाकून पाती तपासतो, सुटे भाग तालुक्याला मिळतात का ते खोदून विचारतो, मग शेजारच्या स्टॉलवर भाव काढतो. हे व्हिडिओवर कसं जमणार? बदलायचंच तर प्लायवूड-फ्लेक्सचे, चार दिवसांत कचऱ्यात जाणारे स्टॉल बदला. परत वापरता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे आयोजकांनी सक्तीचेच करावेत.