मंगोलांची खोटी माघार: खरंच एवढं मोठं हत्यार होतं का?

गवताळवाट (धागाकर्ता):
मंगोल सैन्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: पळायचं सोंग करायचे, शत्रू मागे लागला की उलटायचे, जिंकायचे. मला हे पटत नाही. हा डाव गवताळ प्रदेशातल्या सगळ्याच टोळ्यांना येत होता. इ. स. पूर्व ५३ मध्ये कार्‍हेच्या लढाईत इराणच्या पार्थियन घोडेस्वारांनी रोमन सेनापती क्रॅससच्या मुलाला असंच लांब ओढून नेऊन घेरलं. मग चीनपासून हंगेरीपर्यंत मुसंडी मंगोलांनीच कशी मारली? माझं उत्तर: संघटना. १२०६ नंतर चंगेज खानाने बहुतेक टोळ्या फोडल्या आणि माणसं दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्यांत वाटली. लढाईत दहातला एक पळाला तर दहाही मारले जायचे. जेबे आधी शत्रूच्या बाजूने लढलेला, पुढे तोच पहिल्या फळीतला सेनापती झाला.

रिकीब:
साफ असहमत. पळायचं सोंग करताना खरोखरची पळापळ होऊ न देणं हीच तर अवघड गोष्ट. तुमची ती संघटना इथेच कामाला येते. १२२३ ची काल्का नदीवरची लढाई घ्या. रशियन राजे आणि त्यांचे किपचाक मित्र नऊएक दिवस मागे धावत राहिले. पुढच्याला मागच्याचा पत्ता नाही. मग मंगोल सेनापती सुबुताई आणि जेबे वळले. किपचाक त्याच गवतात वाढलेले, डाव त्यांना पाठ होता, तरी फसले!

आणि १२९९ ला दिल्लीजवळ किली. अलाउद्दीन खलजीचा सेनापती जफरखान पाठलाग करत अठरा कोस गेला. दबा धरून बसलेल्या तुकडीने परतीची वाट बंद केली, तो तिथेच पडला. साधा गडी नव्हता. घोडं पाणी पिईना तर मंगोल त्याला विचारायचे, जफरखान दिसला का रे? असं दिल्लीचा इतिहासकार बरनी लिहितो.

गवताळवाट:
किली माझ्याच बाजूचं उदाहरण. जफरखान पडला, पण दिल्ली पडली का? मंगोल परत गेले. १३०३ मध्ये मंगोल सरदार तर्घी चालून आला तेव्हा अलाउद्दीन चितोडहून नुकताच परतलेला, सैन्य अपुरं. तरी दिल्लीजवळच्या सिरीला खंदक खणून बसलेल्या सुलतानापुढे तर्घीचं काही चाललं नाही. समोरचा पाठलागच करत नसेल तर सोंग कुणापुढे करणार?

तट पाडायला यंत्रं लागतात. चीनमधल्या सियांगयांगचा वेढा १२६८ ते १२७३ चालला. इराणहून मागवलेल्या कारागिरांनी वजनाच्या जोरावर प्रचंड धोंडे फेकणारी यंत्रं बांधली, तेव्हा नदीपलीकडचं फानचेंग पडलं आणि मग सियांगयांगच्या सेनापतीने शहर हवाली केलं. जिथलं जे कसब चांगलं ते उचलायचं, ही खरी मंगोल युक्ती.

कोसमोजणी:
दोघेही माणसांबद्दलच बोलताय. घोड्यांचं कोण बघणार? एकेका स्वाराबरोबर अनेक घोडी, तीही चरून जगणारी. गवत संपलं की मोहीम संपली. १२६० मध्ये चंगेजचा नातू हुलागू बहुतेक सैन्य घेऊन सीरियातून माघारी फिरला. मंगोलांचा सर्वोच्च खान मोंगके वारला म्हणून, असं सगळे सांगतात. पण पुढे फ्रान्सच्या राजाला धाडलेल्या पत्रात हुलागूने चारा संपल्याचं कारण दिलं आहे. मागे राहिलेल्या त्याच्या सेनापतीला, कितबुकाला, पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूत इथे इजिप्तच्या मामलूकांनी संपवलं. आणि कसं? मामलूक सरदार बैबर्सने पळायचं सोंग केलं. (रिकीब, बोला आता.)

रिकीब:
बोलतो की. शत्रूनेही तोच डाव उचलावा, याहून मोठी पावती कोणती?

एप्रिल १२४१, हंगेरीतली मोहीची लढाई. मंगोल पेश्टजवळून मागे मागे सरकत गेले म्हणूनच राजा बेला सायो नदीपर्यंत आला. मग पुलावर दगडफेकी यंत्रांचा मारा करत चंगेजचा नातू बातू, आणि खालच्या अंगाने नदी ओलांडून सुबुताई. गाड्यांनी वेढलेल्या हंगेरियन छावणीला गराडा पडला, पण एका बाजूला मुद्दाम फट ठेवलेली. कोंडलेला माणूस जिवावर उदार होऊन लढतो, वाट दिसली की पळतो. हंगेरियन पळाले आणि वाटेभर मारले गेले. पाहिजे तर तुमची यंत्रं यात मोजा, पण शत्रूला त्या जागी आणलं कुणी?

पायदळ:
म्हणजे हा आपला गनिमी कावाच की!

गवताळवाट:
नको हो. तो डोंगर आणि किल्ल्यांच्या आधाराने चालायचा, हा मोकळ्या मैदानात. वेगळा धागा काढा, येतो तिथे भांडायला.

मोहीचं म्हणाल तर मागे सरकणं मान्य. पण अंधारात दोन फौजा दोन ठिकाणी नदी ओलांडतात आणि सकाळी एकाच छावणीभोवती भेटतात, हे सोंगाने होत नाही.

रिकीब:
पोपचा दूत कार्पिनी १२४७ मध्ये मंगोलांकडून परत आला. युरोपातल्या राजांना त्याने काय बजावलं? मंगोल पळाले तर मागे लांब जाऊ नका. डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाला कशाची भीती वाटत होती बघा.

गवताळवाट:
त्याच अहवालात तो हेही सांगतो की आपल्या सैन्याच्याही दहा, शंभर, हजार अशा तुकड्या करा. पाठलाग थांबवायला एक हुकूम पुरतो. पण हे दुसरं? तिथे प्रत्येक सरदार आपापली माणसं घेऊन आलेला. ती दुसऱ्याच्या हाताखाली द्या म्हटलं तर गडी घरी निघून जाईल.

रिकीब:
एक हुकूम पुरतो? किलीला अलाउद्दीनाने जागा सोडायची नाही असं बजावलेलं होतं. जफरखान धावलाच.