मदत हवी आहे: बाबांना गाऱ्हाण्याला कसं उभं करू?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबांचे खनिजवाहू ट्रक होते. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक दारात उभे राहिले. पुढचं तुमच्यापैकी अनेकांनी भोगलंय. कर्ज, बँकेचे हप्ते, शेवटी पडेल भावात विक्री.

आता घर माझ्या पगारावर चालतं, आणि तो पैसाही बाबांना परक्यासारखा वाटतो. शेजारच्या काकींनी उकडे तांदूळ पाठवले तर ते परत करतात. देवळात जातात, नमस्कार करतात, पण गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवापुढे अडचण बोलून मदत मागायला, तयार नाहीत. म्हणतात, “आजवर देवाकडे मागितलं नाही, आता कुठल्या तोंडाने मागू?”

मला वाटतं, गाऱ्हाण्याची रीत नेमकी यासाठीच असावी. तिथे भाटकार (जमीनदार) असो की मजूर, सगळे सारखेच हात जोडून उभे राहतात आणि आपली अडचण चारचौघांसमोर बोलली जाते. गजेंद्रानेही स्वतःचं बळ संपल्यावरच कमळ वर धरून हाक मारली होती. आणि तो तर हत्तींचा राजा!

बाबा स्वाभिमानी आहेत, त्याचा मला आदरच आहे. पण हे ओझं एकट्याने वाहून ते खंगत चाललेत.

तुमच्या घरी असं कोणी होतं का? त्यांना मदत घेणं कशामुळे जमलं? साखळी-डिचोली भागात घरी येऊन वडीलधाऱ्यांशी शांतपणे बोलतील असे कीर्तनकार किंवा पुरोहित माहीत असतील तर कृपया कळवा. आईने बाबांच्या वतीने गाऱ्हाणं घातलं तर चालतं का?