बिली प्रेस्टन यांच्या स्मृतिदिनी नाशिकच्या श्रोत्यांना काय ऐकवावे?

गोदाकाठचा श्रोता :

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

कॉलेज रोड परिसरात आमचा एक लहानसा श्रोतृगट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून आम्ही ध्वनिमुद्रणे ऐकतो आणि त्यांवर चर्चा करतो. गटातील बहुतेक मंडळी शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीते यांत मुरलेली आहेत; पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा परिचय बेताचाच आहे. येत्या ६ जूनला अमेरिकन सोल संगीतातील थोर कीबोर्डवादक बिली प्रेस्टन यांचा स्मृतिदिन आहे आणि त्या दिवशीची बैठक त्यांच्यासाठी ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रेस्टन यांचा जन्म २ सप्टेंबर १९४६ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाला. बालपण लॉस एंजेलिसमध्ये गेले. आई चर्चमध्ये वाजवीत असे आणि तिच्याच मांडीवर बसून त्यांनी पियानोवर पहिल्यांदा बोटे ठेवली. कोणाकडे रीतसर शिक्षण न घेता दहाव्या वर्षी ते महालिया जॅक्सन यांच्यासारख्या थोर गॉस्पेल (आफ्रिकी-अमेरिकन चर्चमधील भक्तिसंगीत) गायिकेला साथ करू लागले, आणि अकराव्या वर्षी नॅट किंग कोल यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ऑर्गनवर बसले. पुढे लिटल रिचर्ड, सॅम कुक, रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन, बीटल्स, रोलिंग स्टोन्स अशा अनेकांबरोबर त्यांनी वाजवले. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारानंतर ६ जून २००६ रोजी ॲरिझोनामध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते साठीचेही नव्हते.

माझी अडचण अशी आहे की, हा माणूस मला इतका प्रिय आहे की काय निवडावे आणि काय गाळावे, हेच कळत नाही. ज्यांच्या कानाला पेटीची सवय आहे, पण हॅमंड ऑर्गन ज्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलेला नाही, अशांना प्रेस्टन यांचे मोठेपण दोन तासांत जाणवावे, यासाठी सुरुवात कोठून करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पंचवटीचा पेटीवादक :

गोदाकाठ यांस नमस्कार. आपण हा विषय काढलात, याचा फार आनंद झाला. मी व्यवसायाने शिक्षक असलो तरी कीर्तनाला आणि गायनाला पेटीची साथ करण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे, आणि त्याच बाजूने मी प्रेस्टन यांच्याकडे पाहतो.

माझ्या मते आपल्या मंडळींना पहिल्यांदा बीटल्स ऐकवू नयेत. त्यांना आधी हा माणूस कोठून आला ते कळू द्यावे. आफ्रिकी-अमेरिकन चर्चमध्ये प्रवचनकार बोलता बोलता सुरावर येतो, त्याचे वाक्य संपते न संपते तोच ऑर्गन त्याला उत्तर देतो, समोरचे लोक हुंकार भरतात, आणि हळूहळू बोलण्याचे गाणे होते. ज्याने आपल्याकडे उत्तररंगात आख्यान रंगात आलेले असताना पेटीवाल्याला बुवांच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेले पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बुवा गद्यातून पद्यात कधी शिरतील, कोणत्या शब्दावर थांबतील, याचा नेम नसतो. वादकाला सूर आधीपासून हाताखाली तयार ठेवावा लागतो आणि तरीही बुवांच्या पुढे जायचे नसते. प्रेस्टन ही विद्या अगदी लहान वयात चर्चमध्येच शिकले. सोल संगीत मुळात गॉस्पेलमधूनच उमललेले असल्यामुळे त्यांना त्यात परके असे काही वाटलेच नसणार.

यासाठी माझी पहिली शिफारस सॅम कुक यांच्या १९६३ सालच्या 'नाइट बीट' या ध्वनिमुद्रिकेची आहे. रात्री उशिराच्या शांत वातावरणाला शोभेल असे हे गाणे आहे, वाद्ये मोजकी आहेत, आणि ऑर्गनवर सोळा वर्षांचे प्रेस्टन आहेत. त्यातील 'लिटल रेड रूस्टर' हे गाणे अवश्य ऐकवावे. कुत्री भुंकू लागल्याची ओळ कुक म्हणतात आणि लगेच ऑर्गनमधून तो भुंकण्याचा आवाज येतो, पुढे शिकारी कुत्र्यांच्या केकाटण्यालाही तसेच उत्तर मिळते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येते, पण मी आपणांस विनंती करीन की, तो भाग पुन्हा लावावा आणि या वेळी त्या नकलेच्या आधीच्या जागेकडे लक्ष द्यायला सांगावे. कुक गात असताना हा मुलगा जवळजवळ गप्प असतो. एखादाच सूर धरून ठेवतो, तोही गायकाच्या आवाजाखाली. गायकाने श्वास घेतला की तेवढ्या अवकाशात बोलतो आणि पुढचा शब्द येण्यापूर्वी वाट मोकळी करून देतो. सोळाव्या वर्षी हाताला वेग असणे ही मोठी गोष्ट नाही, अशी मुले आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पण सोळाव्या वर्षी इतके थांबता येणे मी तरी फार क्वचित पाहिले आहे.

त्यानंतर अरेथा फ्रँकलिन यांचे १९७१ सालचे फिलमोर वेस्ट येथील मैफलीचे मुद्रण ऐकवावे. तेथे श्रोत्यांचा प्रतिसाद ऐकू येतो आणि चर्चमधील ते प्रश्नोत्तर सभागृहात कसे उतरले, ते स्पष्ट होते.

नाशिकरोडचा कीबोर्डवादक :

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात वाद्यांविषयी थोडी भर घालतो, कारण पेटीची सवय असलेल्या श्रोत्यांना हॅमंडची रचना सांगितली तर ऐकण्यातला आनंद निश्चित वाढेल. मी गेली अनेक वर्षे वाद्यवृंदातून वाजवीत आहे.

पेटीची पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाजात फरक पडत नाही. आवाजाचा चढउतार भात्यावरच्या डाव्या हातात असतो. हॅमंडचेही नेमके तसेच आहे, फक्त तेथे भात्याचे काम उजवा पाय करतो. आत हवा नसते. दातेरी कडांच्या धातूच्या चकत्या विजेच्या मोटारीवर फिरत असतात आणि त्यांच्याजवळच्या चुंबकीय गुंडाळ्यांमध्ये स्वर निर्माण होतो. वादकासमोर पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, पायाखाली खर्जाच्या पट्ट्या असतात, आणि ड्रॉबार नावाचे दांडे कमीजास्त ओढून स्वराचा पोत बदलता येतो. प्रेस्टन यांच्या वादनात उजव्या पायाकडे लक्ष द्यावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पाय दिसत नाही, पण ऐकू येतो. एखादा स्वरसमूह ते अगदी दबक्या आवाजात धरतात, गायकाची ओळ वर चढू लागली की पायाने त्याला हळूहळू फुगवतात, आणि ओळ संपताच तो खाली उतरवतात. बोटे मात्र जागची हललेलीही नसतात.

दुसरी गोष्ट लेस्ली या ध्वनिक्षेपकाची. त्याच्या पेटाऱ्यात वरच्या भागात कर्णा गरगर फिरतो आणि खालच्या भागात खर्जासाठी एक पिंप फिरते. आवाजाचा उगमच आपल्या जवळ येत आणि दूर जात असल्यामुळे स्वर किंचित चढतो आणि उतरतो, आणि त्यातून ती थरथर निर्माण होते. फिरण्याचे दोन वेग असतात. वेग बदलल्यावर यंत्राला नवा वेग पकडायला थोडा वेळ लागतो, आणि चांगला वादक तेवढा वेळ हिशेबात धरून गाण्याच्या भराच्या थोडे आधीच कळ दाबतो.

आता बीटल्सविषयी. जानेवारी १९६९ मध्ये लंडनला त्यांचे ध्वनिमुद्रण चालू होते, आपसांत कमालीचा ताण होता, जॉर्ज हॅरिसन तर मध्येच काही दिवस सोडूनही गेले होते. २२ जानेवारीला प्रेस्टन स्टुडिओत आले आणि इलेक्ट्रिक पियानोवर बसले. त्या दिवसांचे चित्रण पीटर जॅक्सन यांच्या २०२१ सालच्या माहितीपटात सर्वांना पाहता येते. नवा माणूस आल्यावर त्या चौघांचे चेहरे आणि वागणे कसे बदलते, ते पाहण्यासारखे आहे. 'गेट बॅक'च्या तबकडीवर 'बीटल्स आणि सोबत बिली प्रेस्टन' अशा अर्थाचे श्रेय छापले गेले. असा मान त्यांनी इतर वादकांना सहसा दिला नाही. त्यातील प्रेस्टन यांचा एकल तुकडा फेंडर ऱ्होड्सवर आहे. या वाद्यात हातोडी तारेऐवजी धातूच्या बारीक काडीवर पडते, त्यामुळे स्वराला घंटेसारखी गोलाई येते. तुकडा छोटा आहे, पण त्यातला एकही स्वर काढून टाकता येणार नाही. 'लेट इट बी'मधील त्यांचा ऑर्गनही ऐकवावा. पियानोच्या मागून तो अशा बेताने येतो की नेमका कोठे सुरू झाला, हे पहिल्या खेपेला कळतही नाही.

शरणपूरची वाचक :

चर्चेत उशिरा सहभागी होत आहे. आमच्याकडे उपासनेत रेव्हरंड टिळकांची भजने पेटी आणि तबल्यावर म्हटली जातात, त्यामुळे पंचवटीकरांचे म्हणणे मला फार जवळचे वाटले. तरीही एक मुद्दा मनापासून मांडावासा वाटतो. आतापर्यंत सुचवलेले सर्व काही प्रेस्टन यांनी दुसऱ्यांसाठी वाजवलेले आहे. ज्या माणसाच्या स्मृतीसाठी आपण जमणार, त्याचे स्वतःचे गाणे त्या संध्याकाळी ऐकू येऊ नये, हे मला योग्य वाटत नाही. आयुष्यभर इतरांमागे उभे राहिलेल्या कलावंताला मृत्यूनंतरही आपण मागेच उभे करू नये.

त्यांची 'विल इट गो राउंड इन सर्कल्स' (१९७३) आणि 'नथिंग फ्रॉम नथिंग' (१९७४) ही दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली होती. 'आउटा-स्पेस' ही शब्दविरहित रचना तर सुरुवातीला तबकडीच्या मागच्या बाजूला होती. लोकांनी ती उचलून धरली आणि १९७२ मध्ये ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. जो कॉकर यांच्यामुळे जगभर पोचलेले 'यू आर सो ब्यूटिफुल' हे गाणे प्रेस्टन यांनी ब्रूस फिशर यांच्यासह रचले, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसते. आपण ते आधी स्वतः प्रेस्टन यांच्या आवाजात ऐकवावे.

आणि एक चित्रफीत दाखवाच. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेला कार्यक्रम आपल्या मंडळींना पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा यांच्यामुळे माहीत असेलच. त्याच मंचावर प्रेस्टन यांनी आपले ईश्वरस्तुतीचे गाणे म्हटले, आणि शेवटी त्यांना ऑर्गनमागे बसवेना. ते उठून मंचभर नाचत सुटले. ज्याने उपासनेत देहभान हरपलेला माणूस पाहिला आहे, त्याला त्या नाचात दिखावा दिसणार नाही.

पंचवटीचा पेटीवादक :

शरणपूरच्या ताईंचे म्हणणे मी आदराने मान्य करतो. त्यांची स्वतःची गाणी कार्यक्रमात असलीच पाहिजेत. मात्र साथ करणे म्हणजे मागे उभे राहणे, हे मला मान्य होत नाही. गाणे ज्याच्या हातावर तोलून धरलेले असते, तो मागे कसा? ताईंनी बांगलादेशच्या कार्यक्रमाचा उल्लेख केला म्हणून सांगतो, तो कार्यक्रम घडवून आणणाऱ्या जॉर्ज हॅरिसन यांनी १९७४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेचा दौरा केला, तेव्हा एकाच ताफ्यात प्रेस्टन होते आणि रविशंकरांबरोबर अल्लारखा, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सुलतान खाँ आणि लक्ष्मी शंकर हेही होते. त्या दौऱ्यात प्रेस्टन साथीला बसत आणि आपली गाणीही म्हणत, आणि ज्या श्रोत्यांना बाकी कार्यक्रम जड जात होता, ते त्यांच्या गाण्यांना उठून उभे राहत. आपल्या बैठकीत हा प्रसंग सांगितला तर ज्येष्ठ सभासदांना ओळखीची नावे भेटतील.

गोदाकाठचा श्रोता :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल ऋणी आहे. आता क्रम असा ठरवतो : आरंभी 'नाइट बीट'मधील दोन गाणी, मग फिलमोर वेस्ट, त्यानंतर बांगलादेशच्या कार्यक्रमाची चित्रफीत आणि १९७४ च्या दौऱ्याची हकिगत. मध्यंतरानंतर त्यांची स्वतःची चार गाणी पूर्ण लावायची, मध्ये कोणीही बोलायचे नाही, आणि अखेरीस बीटल्स. 'आउटा-स्पेस'मधील वाद्य कोणते, हे मंडळी नक्की विचारतील. शिवाय आमच्याकडे ऐकण्यासाठी एकच लहान ब्लूटूथ स्पीकर आहे, तो पुरेल का?

नाशिकरोडचा कीबोर्डवादक :

ते वाद्य क्लॅव्हिनेट आहे. त्यात तारा असतात, पट्टी दाबली की खालचा रबरी ठोकळा तारेला धातूवर आपटतो, आणि तो आवाज प्रेस्टन यांनी गिटारवादक वापरतात त्या वा-वा पेडलमधून नेला आहे. तेथेही पायच बोलतो आहे, हे अवश्य सांगावे.

लहान स्पीकर मात्र कृपया वापरू नये. ऑर्गनचा खर्ज त्यात ऐकूच येणार नाही आणि लेस्लीचे फिरणे एकाच जागी गोठून जाईल. माझ्याकडे दोन मोठे स्पीकर आणि मिक्सर आहे. ६ जूनला माझा कार्यक्रम नाही, त्यामुळे दुपारी चारपर्यंत सामान घेऊन मी स्वतः येतो. खोलीत दोन स्पीकरमध्ये सात-आठ फुटांचे अंतर ठेवता येईल, अशी जागा तेवढी मोकळी करून ठेवावी. पत्ता वैयक्तिक संदेशातून कळवावा.