मदत हवी आहे: आईच्या रिपोर्टवर 'धमन्यांचं वय ८०' आलंय, किती मनावर घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची, नाशिकला एकटी राहते. बीपी आणि शुगर दोन्ही जुनं. टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन चालू आहे. छातीत दुखणं, धाप लागणं असलं काही नाही. रोज सकाळी मैत्रिणींबरोबर फिरते.

गेल्या रविवारी तिच्या सोसायटीत हृदय तपासणीचं मोफत शिबिर होतं. आडवं झोपवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले, ते फुगले, आणि थोड्या वेळात रंगीत कागद हातात. त्यावर असं आहे:

पल्स वेव्ह व्हेलॉसिटी: उजवी १८९०, डावी १९३५ सेंमी/सेकंद
एबीआय: १.१२ आणि १.०९
बीपी: १५८/७४
धमन्यांचं वय: ८०

शेवटची ओळ लाल रंगात. टेबलामागचा माणूस म्हणाला, "काकू, नळ्या कडक झाल्यात, कॅल्शियम साचलंय," आणि सलाईनमधून कॅल्शियम काढायचं पॅकेज गळ्यात मारू लागला. तेव्हापासून आईने फिरणं बंद केलंय. नळी फुटेल म्हणते!

मी नेटवर वाचलं तर मर्यादा १० मीटर/सेकंद दिसली. १८९० सेंमी म्हणजे १८.९ मीटर, जवळजवळ दुप्पट. हे खरंच इतकं वाईट आहे का? अँजिओग्राफी करावी लागेल का? आणि त्या सलाईनचं काय?

प्रतिसाद १

आधी आईंना फिरायला पाठवा. त्रास काही नसेल तर चालण्याने नळी फुटत नाही, उलट नियमित चालणं धमन्यांना चांगलंच.

आता पल्स वेव्ह व्हेलॉसिटीचा, म्हणजे लाटेच्या वेगाचा आकडा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्यांच्या भिंतीतून एक लाट पुढे जाते. भिंत जितकी ताठ तितकी लाट वेगात. तुम्ही वाचलेली १० मीटरची रेषा मान ते जांघ या मोजणीची आहे, त्यात मुख्यतः महाधमनी येते. आईंची मोजणी दंड ते घोटा अशी झाली. तिच्यात पायांच्या धमन्याही येतात आणि त्या मुळातच जास्त ताठ असतात, म्हणून हा आकडा कायम मोठाच दिसतो. ही पद्धत जपानमध्ये रुळली, तिथे १८०० सेंमी/सेकंद ही धोक्याची रेषा धरतात. म्हणजे आई रेषेच्या जरा वर आहेत, दुप्पट वगैरे काही नाही.

त्यातही मोजताना बीपी १५८ होतं. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि वेग आपोआप वाढतो. या तपासणीआधी निदान १० मिनिटं शांत पडून राहायचं असतं, आणि आधीचे काही तास चहा-कॉफी, तंबाखू, भरपेट जेवण टाळायचं असतं. शिबिरात हे पाळलं होतं का?

एबीआय म्हणजे घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. ०.९ च्या खाली गेला तर पायाच्या धमनीत अडथळ्याची शंका, १.४ च्या वर गेला तर धमनी इतकी कडक की पट्ट्याने दबत नाही, मधुमेहात असं होतं. आईंचा मस्त मधोमध आहे. मात्र हा आकडा पायांपुरता, त्यावरून हृदयाला ग्वाही देता येत नाही. ताठरपणा वेगळा आणि ब्लॉकेज वेगळं. निव्वळ या कागदावरून कोणी अँजिओग्राफी सांगत नाही.

'वय ८०' तर सोडूनच द्या. तो आकडा मशीनमध्ये भरलेल्या तक्त्यावरून येतो.

प्रतिसाद २

त्या सलाईनला चिलेशन म्हणतात. मधुमेह असलेल्या आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली होती, निकाल २०२४ मध्ये आले: फायदा शून्य. पैसे वाचवा.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. शिबिरात रांगेतच चहा-पोहे वाटत होते, आणि आई खाऊन लगेच आडवी झाली! एकाने रक्तवाहिन्यांच्या अस्तराचीही तपासणी सुचवली आहे, ती करू का?

प्रतिसाद १

चहा-पोहे! मग तो कागद बाजूला ठेवा.

अस्तराच्या तपासणीत दंडाखाली पट्टा ५ मिनिटं फुगवून सोडतात आणि दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीवर बघतात. अस्तर निरोगी असेल तर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी सैलावते. संशोधनात उत्तम, पण करणाऱ्याचा हात जरा हलला की आकडा बदलतो. लक्षणं नसलेल्यांत ही तपासणी किंवा ताठरपणाची मोजणी सरसकट करू नये, असं अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्येच सांगितलंय.

खरं तर ताठरपणाची खूण घरच्या मशीनवर फुकट दिसते. वरच्या बीपीतून खालचं वजा करा. आईंचं १५८ वजा ७४, म्हणजे ८४. उतारवयात हा फरक ६० च्या वर राहू लागला की धमन्या ताठरल्यात असं समजतात. पण एका वाचनावर जाऊ नका. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, ५ मिनिटं बसून, दोनदोन वाचनं वहीत लिहा आणि ती वही फिजिशियनना दाखवा. गोळीचा डोस पुरतोय का, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, हे विचारा. गोळी स्वतःहून बदलू नका.

धागाकर्ता

शनिवारी नाशिकला जातोय, जाताना मशीन घेऊन जाईन. मनगटाचं चालेल का?

प्रतिसाद १

नको, दंडाचंच घ्या. आणि घेण्याआधी आईंच्या दंडाचा घेर टेपने मोजून घ्या. पट्टा लहान पडला तर बीपी खोटंच जास्त दाखवतं.