सोलापूरच्या उन्हात जुनी गाडी कशी टिकवता? अनुभव लिहा

मंडळी, एमएच १३ च्या जुन्या ८००, इंडिका, सँट्रो, ओम्नी आजही रोज सात रस्त्याला दिसतात, म्हणजे चालवणारे भरपूर आहेत. कुणाला नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, कुणाचा जुनीवरच जीव आहे. पण व्हिडिओत सल्ले देणारे सगळे पुण्या-मुंबईच्या हवेतले. आपल्याकडं मार्च संपला की पारा चाळीशीच्या वर, मे महिन्यात ४३-४४, त्यात बोअरचं पाणी जड, त्यामुळं इथल्या गाडीची दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून हा धागा. गाडी कुठली, काय काम निघालं, कुठं पैसे घालायलाच लागले आणि कुठं वाचले ते मोकळेपणानं लिहा. गॅरेजचं नाव घेऊन तक्रार नको, काम काय झालं तेवढं सांगा.

माझी २००६ ची अल्टो. नवरा-बायको, दोन पोरं आणि आई, सगळे त्यातच. पैसा मोजका असेल तर माझा क्रम ठरलेला आहे, पहिला रुपया कूलिंगवर, दुसरा ब्रेक-टायरवर, आणि बाकी सगळं, म्हणजे एसी, रंग, सीट कव्हर, म्युझिक, दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालतं. दर महिन्याला पगार झाला की थोडे पैसे गाडीच्या नावानं वेगळे काढतो, काम निघो न निघो. त्यामुळं क्लच प्लेटचं काम आलं तेव्हा कुणापुढं हात पसरावा लागला नाही.

जुळे सोलापूरहून :
वॅगन आर, २००८ चं मॉडेल, सेकंडमध्ये घेतलेली. आसरा चौकात सिग्नलला थांबलं की टेंपरेचरचा काटा वर चढायचा, रोडला लागली की खाली यायचा. दोन ठिकाणी दाखवली तर एकानं थेट हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग गेलंय असं सांगितलं, इंजिन उघडावं लागेल म्हणाला. मग एका जुन्या मिस्त्री चाचांकडं नेली. त्यांनी काहीच उघडलं नाही, सकाळी गाडी गार असताना आणायला सांगितली आणि रेडिएटरचं झाकण काढून बोट आत घातलं. बोटाला तांबडा गाळ आणि त्यात पांढरे पापुद्रे. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं होतं, घरच्या गिझरच्या कॉइलवर जो थर चढतो तोच आत सगळ्या नळ्यांत चढलेला. पूर्वीचे पितळी रेडिएटर असायचे त्यांची टाकी सोडवून आत सळई घालून साफ करता यायचं, आता ॲल्युमिनियमचे, वरखाली प्लास्टिकच्या टाक्या, त्यात ते काम होत नाही. आधी फ्लश करून बघितलं, थोडा फरक पडला, शेवटी रेडिएटर नवीनच टाकला. इंजिन उघडायच्या खर्चापुढं तो काहीच नव्हता.

आता मुद्द्याची गोष्ट. आतला थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेला होता. "आपल्या सोलापुरात थर्मोस्टॅट लागत नाही ओ" हे वाक्य प्रत्येकानं ऐकलं असेल. चाचा म्हणाले की हे दुखणं झाकायचं औषध आहे, बरं करायचं नाही. थर्मोस्टॅट नसला की पाणी सुरुवातीपासून सगळीकडं फिरत राहतं, इंजिन लवकर गरमी धरत नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. त्यात झीज वेगळीच. नवीन थर्मोस्टॅट आणला, बसवायच्या आधी घरी पातेल्यात पाणी घेऊन दोरीनं लटकवला आणि गॅसवर ठेवला. पाण्याला उकळी यायच्या जरा आधी मधली चकती हळूहळू उचलली जाते, गॅस बंद करून पाणी निवलं की परत बसते. पोरगी शेजारी उभी राहून बघत होती, तिला शाळेच्या प्रयोगापेक्षा हे जास्त आवडलं. उघडत नसेल तर पीस दुकानात परत द्यायचा, गाडीत बसवून मग डोक्याला ताप नको. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, आणि डिकीत डिस्टिल्ड वॉटरचाच कॅन. रस्त्यात कमी पडलं तर बिस्लेरी-बोअर काही घालायचं नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, अगदीच अडलं तर गोष्ट वेगळी, मग घरी आल्यावर सगळं काढून परत भरायचं.

अशोक चौक :
वरच्या दादांना जोडून. रेडिएटरचं झाकण बदला. त्यातला रबर वाळला की प्रेशर धरत नाही आणि प्रेशर नसलं की पाणी लवकर उकळतं. पाचशेच्या आत काम होतं. आणि गरम असताना झाकणाला हात लावू नका, माझ्या मेहुण्याचा हात भाजलाय, डाग अजून आहेत.

विडी घरकुलहून :
वडिलांची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, १९९७ ची. वडील यंत्रमागावर जॉबर होते, त्यांनी पै-पै जोडून घेतली होती, आता मी वापरतो. दुपारी तुळजापूरहून येताना घाटाखाली गाडी बंद पडायची, अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू. उन्हात पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही, म्हणून बंद पडते. वडील पेट्रोल पंपावर म्हणजे इंजिनवरच्या त्या छोट्या पंपावर ओलं फडकं टाकायचे, पाच मिनिटांत चालू. आता पाइपला उष्णता अडवणारी स्लीव्ह घातलीय आणि पाइप सायलेन्सरच्या बाजूपासून लांब बांधून घेतलाय, तेव्हापासून त्रास जवळजवळ गेला. फडकं आणि पाण्याची बाटली अजून ठेवतोच.

दुसरं असं की रेडिएटरचा फॅन वायरमनकडून "डायरेक्ट" करून घेणारे बरेच आहेत, डॅशबोर्डवर बटण लावून. माझ्या गाडीलाही तसंच होतं, पण बटण दाबायचं ध्यानात राहिलं पाहिजे ना. घरात तीन जण गाडी चालवतात. पाणी तापलं की फॅन लावणारा थर्मो स्विच आणि फॅनचा जादा करंट स्वतःवर घेणारा रिले नवीन टाकला, फॅन परत आपोआप लागतो, आणि बटण तसंच ठेवलंय, स्विच कधी गेला तर उपयोगी पडेल.

होटगी रोड :
मी शिक्षिका आहे. २००९ ची सँट्रो, २०२४ ला पंधरा वर्षं झाली. खूप जणांनी घाबरवलं की आता स्क्रॅपला द्यावी लागणार, तसं काही नाही. गाडी तपासणीत पास झाली की आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी नवी होते. पंधरा वर्षांवरच्या कारची फी १ एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये आहे, आधी ती ६०० होती. वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, म्हणजे ज्यांची गाडी त्या वयाकडं चाललीय त्यांनी हे आत्तापासून हिशोबात धरा. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. एजंटनं फीच्या वर भरपूर पैसे सांगितले होते, मी स्वतः ऑनलाइन अर्ज भरला आणि तपासणीला गाडी घेऊन गेले. जायच्या आधी हॉर्न, वायपर, सगळे दिवे, पीयूसी आणि टायर बघून घेतले. सुरक्षा नंबर प्लेट बाकी होती ती पण लावली, कारला ७४५ अधिक जीएसटी.

इन्शुरन्सचं माझं मत सांगते, कुणाला पटेल न पटेल. एवढ्या जुन्या गाडीची किंमत विमावाले इतकी कमी धरतात की फुल इन्शुरन्सचे पैसे भरण्यात अर्थ राहत नाही. मी थर्ड पार्टी घेते, १००० सीसीपर्यंत २०९४ आणि त्याच्यावर १५०० सीसीपर्यंत ३४१६, जीएसटी वेगळा. वाचलेले पैसे टायरकडं. पण थर्ड पार्टी मात्र एक दिवससुद्धा खंड पडू देऊ नका, समोरच्या माणसाला काही झालं तर आयुष्यभराची कमाई जाईल.

मोहोळहून :
माझी ओम्नी. ऊसवाला माणूस आहे, इथेनॉल आपल्याच उसाचं, त्यामुळं त्याला नावं ठेवणार नाही. पण जुन्या गाडीच्या रबरी पाइपांचा विचार करूनच चालायला पाहिजे. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज थोडं घटलंय, इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते त्यामुळं ते होणारच. काळजीची गोष्ट पाइपची. सकाळी दार उघडलं की पेट्रोलचा वास येऊलाला होता, बघितलं तर इंजिनजवळचा पाइप फुगून मऊ झालेला, क्लिपपाशी ओल. ओम्नीत इंजिन सीटखालीच, वर आपण बसतो, तिथं पेट्रोल गळणं म्हणजे जिवाशी खेळ. इथेनॉल चालणारे पाइप मीटरवर मिळतात, सगळे एकदम बदलून घेतले आणि क्लिपापण नवीन. तुमची गाडी जुनी असेल तर बोनेट उघडून पाइप बोटानं दाबून बघा, मऊ किंवा भेगाळलेला वाटला तर त्याच आठवड्यात बदला. आणि गाडी महिना महिना उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

अजून एक, साखर कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, कित्येकांना मागं रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणते असतात कारण सगळा करंट त्या जुन्या स्विचमधनं जातो. बल्ब जास्त वॅटचे टाकण्यापेक्षा रिलेचं वायरिंग करून घ्या, तोच बल्ब दीडपट उजेड देतोय असं वाटतं. काचा पिवळ्या पडल्या असतील तर पाण्यातला पॉलिश पेपर आधी हजार नंबरचा, मग दोन हजार नंबरचा, नंतर पॉलिश, घरी बसून होतं.

रेल्वे लाइन्स :
मी पूर्वी चिपळूणला नोकरीला होतो, म्हणून फरक जाणवतो. कोकणातली हवा गाडीचा पत्रा खाते, आपली हवा रबर खाते. इथं वीस वर्षांच्या गाडीचा खालचा पत्रा बऱ्याचदा ठणठणीत असतो, पण होज पाइप, फॅन बेल्ट, सस्पेन्शनचे बुश, दाराचं बीडिंग, वायपर सगळं वाळून तडकतं. म्हणून मी मार्चमध्ये, ऊन वाढायच्या आत, रबर तेवढं तपासून घेतो. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलतो, तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि मग खर्च गाडीच्या किमतीएवढा जातो.

टायर घेताना बाजूला चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानदार "अगदी नवीन पीस" म्हणून वर्षानुवर्षं पडलेला टायर देतो, नक्षी नवी असते पण रबर कडक झालेला. ब्रेक शू आणि टायरमध्ये सेकंड माल घेऊच नये या मताचा मी आहे. दाराचं हँडल, आरसा, काचेचं मशीन, अल्टरनेटर असल्या गोष्टी मात्र भंगार बाजारातून कंपनीचा जुना पीस बघून घेतो, लोकल नव्यापेक्षा तो जास्त टिकतो.

सावली नसेल तर जुनी सोलापुरी चादर पुढच्या काचेवर बाहेरून टाका, टोकं दोन्ही दारात दाबून. डॅशबोर्ड वाचतो आणि गाडीत बसल्यावर स्टिअरिंगला हात तरी लावता येतो.

धागा काढणारा :
सगळ्यांचे आभार, पाइप बोटानं दाबून बघायचं मी आत्ताच जाऊन केलं, एक मऊ लागलाय, उद्या बदलतो. होटगी रोडच्या ताई, तपासणीला ब्रेकची टेस्ट कशी घेतात ते जरा सविस्तर लिहा, माझी अल्टो वीस वर्षांवर गेलीय. आणि बॅटरीबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं म्हणून मी वरची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघत असतो, जुनी बॅटरी दुकानात परत दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते, पण दोन वर्षांच्या पुढं टिकत नाही. इंडिकावाल्यांनो, डिझेलला मोठी बॅटरी लागते, तुमची किती चालते?