आयओडी आलंय म्हणे, घर खाली करावं का? (तातडीने मदत हवी आहे)

तिसरा_मजला (मंगळवार, रात्री १०.४०)
पाल्हाळ न लावता विचारतो. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. परवा बिल्डरची नोटीस आली: आयओडी आलंय, ३० दिवसांत घरं खाली करा. अर्ध्या लोकांनी सामान बांधायला घेतलंसुद्धा. आयओडी आलं म्हणजे परवानगी आली ना? हो की नाही, एवढंच सांगा. ब्रोकर रोज फोन करतोय, परवा भाड्याच्या घराचं टोकन द्यायचंय. 'वकील गाठा' हे उत्तर नको, ते मलाही सुचतं.

रिटायर्ड_आणि_रिकामा
हो की नाही विचारलंत म्हणून: नाही.
आयओडी म्हणजे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. नामंजुरीची सूचना! मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३४६. पालिका कळवते की तुमचा नकाशा आहे तसा मंजूर नाही, पण पुढच्या अटी पाळल्यात तर हरकत नाही. मग अटींचं लांबलचक शेपूट: अग्निशमन दल, झाडं, विमानतळ प्राधिकरणाची उंची, आणखी काय काय. त्या पुऱ्या झाल्या की १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याखाली सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचा दाखला. तोही आधी जोत्यापर्यंत, जोतं तपासून झालं की वरच्या मजल्यांचा. सगळ्यात शेवटी ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला. इंग्रज गेला, नामंजुरी ठेवून गेला. आणि लोक तिचे पेढे वाटतात.
सीसी हातात आल्याशिवाय जागचे हलू नका.

मेहुणा_ठाण्यात
माझ्या मेहुण्याच्या ठाण्यातल्या बिल्डिंगला सहा महिन्यांत सगळं मिळालं. युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आल्यापासून फार सोपं झालंय. उगाच घाबरवू नका हो.

नकाशेवाली
@मेहुणा, २०२० ची युडीसीपीआर मुंबईला लागू नाही. इथे मुंबईची स्वतःची नियमावली, डीसीपीआर २०३४ चालते. मेहुण्याला नमस्कार सांगा.
@रिटायर्डकाका, नावाची गंमत खरी, पण सल्ला पटला नाही. जुनी इमारत उभी असताना त्याच जागेवर नव्या इमारतीचं सीसी कसं मिळेल? जुनं पाडणं ही बहुतेक वेळा आयओडीतलीच एक अट असते. म्हणून करारांत 'आयओडीनंतर अमुक दिवसांत ताबा द्यावा' असं लिहिलेलं असतं. सीसीसाठी अडून बसलात तर सीसीच अडतं.
खरं बघायचं ते हे, की बाहेर पडताना तुमच्या हातात काय आहे. विकासकरार नोंदणीकृत आहे का? तुमच्या नावाचा पर्यायी घराचा स्वतंत्र करार झालाय का, त्यात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती? भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक मिळाले? सोसायटीच्या नावे बँक गॅरंटी आहे? आणि मुख्य म्हणजे जमीन कोणाची, खासगी, कलेक्टरची की म्हाडाची? यातलं काहीच न सांगता हो-नाही मागताय.

तिसरा_मजला
ताई, करार दोन वर्षांपूर्वी रजिस्टर झालाय. जमीन सोसायटीची आहे. चेक 'घर सोडताना देतो' म्हणतात. बँक गॅरंटीचं सेक्रेटरीला विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही फार शंका काढता.

स्वयंभू
म्हणून मी प्रत्येक धाग्यावर ओरडत असतो, बिल्डर हवाच कशाला? स्वयंपुनर्विकास करा! २०१९ चा शासन निर्णय आहे. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक कर्ज देते. जो नफा बिल्डरच्या खिशात जातो तो सभासदांच्या कार्पेटमध्ये येतो. लिंक हवी असल्यास व्यनि करा.

पागडीवाला
करार रजिस्टर झाल्यावर स्वयंपुनर्विकास? लग्न लागल्यावर स्थळ बघण्यासारखं झालं हे.

स्वयंभू
घटस्फोट मिळतो की! करार रद्द करून घ्यायचा.

पागडीवाला
आणि मग दहा वर्षं कोर्टात. आमच्या गिरगावातल्या शेजारच्या चाळीचा खटला आजोबांनी सुरू केला, आता नातवाची सही लागते.

कोकणकन्या
अवांतर: स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून ओटा पुढे घ्यायचा असेल तर पालिकेची परवानगी लागते का? नवा धागा काढत नाही, इथे जाणकार जमलेत म्हणून विचारलं.
आणि ओसीचा विषय निघालाच आहे तर, आमची बिल्डिंग १३ वर्षं ओसीशिवाय उभी आहे. पाण्याचं बिल दुप्पट दराने भरतो. बिल्डर भेटला की हसून 'होऊन जाईल' म्हणतो.

नकाशेवाली
@तिसरा_मजला, सोसायटी कुठे आहे ते अजून सांगितलं नाहीत.

तिसरा_मजला
विक्रोळी, कन्नमवार नगर. त्याने काय फरक पडतो? नियम सगळ्या मुंबईला एकच ना?

नकाशेवाली
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! कन्नमवार नगर म्हणजे म्हाडाचा लेआउट, म्हाडाने वसवलेली वसाहत. जमीन म्हाडाची, तुमच्याकडे भाडेपट्ट्याने असते. नियमावली तीच, डीसीपीआर २०३४, त्यातलं म्हाडा वसाहतींचं कलम ३३(५). पण म्हाडाच्या लेआउटमध्ये २०१८ पासून बांधकाम परवानगी म्हाडा स्वतःच देते. तुमची फाइल पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात नसून वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात असणार. आणि तिथून जो कागद निघतो त्याला आयओए म्हणतात, 'अप्रूव्हल'वाला ए. नोटिशीत आयओडी लिहिलंय म्हणता. नुसती सवय असेल, बिल्डर लोक सगळ्यालाच आयओडी म्हणतात. तरी मूळ कागद तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय का?

तिसरा_मजला
नाही. सभेत त्याने लांबून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिटायर्ड_आणि_रिकामा
टाळ्या! धन्य.

तिसरा_मजला (बुधवार, दुपारी १.१५)
सेक्रेटरींकडून व्हॉट्सॅपवर फोटो काढून घेतला. तीनदा मागावा लागला. आयओडीही नाही आणि आयओएही नाही. वर ठळक अक्षरांत 'देकारपत्र' लिहिलंय. खाली चौरस मीटरचे आकडे आणि हप्त्यांनी भरायच्या रकमा. हे काय असतं?

नकाशेवाली
ऑफर लेटर. म्हाडा म्हणते, एवढं जादा चटईक्षेत्र, म्हणजे बांधायला जादा जागा, द्यायला आम्ही तयार आहोत, त्याचं इतकं अधिमूल्य इतक्या मुदतीत भरा. बिल्डरने पैसे भरले की म्हाडाची एनओसी, मग नकाशे, मग आयओए, मग जोत्यापर्यंतचं सीसी. तुमची गाडी अजून कुर्ल्यालाही पोचलेली नाही आणि तुम्ही ठाण्याला उतरायची तयारी करताय.
आधी पहिल्या हप्त्याची पावती मागा, तोंडी नको, सोसायटीच्या नावे पत्र देऊन पोच घ्या. करारात घर सोडण्याचं कलम शब्दशः वाचा. तिथे आयओए किंवा आयओडी लिहिलं असेल तर देकारपत्रावर काढलेली ही नोटीस त्याच कलमाच्या विरुद्ध आहे. सोबत म्हाडाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवस, नोटिशीचीही ३० दिवस, म्हणून आजच टाका.

मेहुणा_ठाण्यात
पण बिल्डर भाडं देतोय तर जायला काय हरकत आहे? जुन्या इमारतीत स्लॅब डोक्यावर पडण्यापेक्षा बरं.

पागडीवाला
गोरेगावची पत्राचाळ आठवते का? ६७२ कुटुंबं. घरं सोडली, काही दिवस भाडं मिळालं, मग ते बंद झालं. एकदा इमारत पाडली की तुमच्या हातात फक्त कागद उरतो. त्या कागदाचं नाव तरी बरोबर असू दे.

रिटायर्ड_आणि_रिकामा
म्हणजे 'हलू नका' हे मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, नोंद घ्यावी.

नकाशेवाली
काका, सीसीसाठी सांगितलं होतंत.

रिटायर्ड_आणि_रिकामा
कारण चुकलं, उत्तर बरोबर. शाळेत याला अर्धे मार्क मिळायचे.

तिसरा_मजला (बुधवार, रात्री ११.०५)
टोकन दिलं नाही. ब्रोकरने फोन आपटला. कराराची प्रत काढून वाचली, कलमात आयओए आणि 'पर्यायी निवासाचे करार नोंदवल्यानंतर' असं स्पष्ट आहे. हे करार आमच्यापैकी कोणाचेच झालेले नाहीत. रविवारी सभा मागितली आहे, २२ सह्या झाल्या, सेक्रेटरी आता माझ्याशी जिन्यातही बोलत नाहीत. आईने बांधलेला भांड्यांचा खोका परत सोडायला लावला म्हणून तीही बोलत नाही. सभेत काय होतं ते कळवतो.

कोकणकन्या
माझ्या ओट्याचं कोणी सांगेल का?

नकाशेवाली
भिंत विटांची की काँक्रीटची? तिच्यावर बीम आहे? कितवा मजला?

कोकणकन्या
ते नाही माहीत. हो की नाही एवढंच सांगा ना.