मकाऊ पायी बघताना: चढ, निसरडे दगड आणि दमट हवा

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, पूर्वी पोर्तुगीजांकडे असलेल्या मकाऊचं द्वीपकल्प जेमतेम नऊ-साडेनऊ चौरस किलोमीटरचं. २००५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या २२ वास्तू आणि ८ चौक याच चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. नकाशा बघून दोन तासांत उरकेल असं वाटतं आणि तिथेच गणित फसतं. ज्यांना ही वाट नीट ठाऊक आहे त्यांनी नेमकं लिहावं: सुरुवात कुठून, वेळ किती, अडतं कुठे. आलेली उत्तरं अशी.

———

दक्षिणेकडून सुरू करा. बार्रा स्टेशनपर्यंत डिसेंबर २०२३ पासून लाइट रेल येते, तिथून आ-मा मंदिर पायी जवळच. देऊळ टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्याने चढत गेलंय, त्यामुळे पहिल्याच ठिकाणी बऱ्याच पायऱ्या होतात. वर उदबत्तीची मोठी वेटोळी टांगलेली असतात, राख खाली पडते, टोपी घाला.

पुढे चढावर मूरिश बराकी. १८७४ मध्ये गोव्याहून आणलेल्या शिपायांच्या तुकडीसाठी बांधलेली ही इमारत. आत कचेरी आहे, फक्त व्हरांडा बघता येतो, पण आपल्याकडच्या माणसाने तिथे पाच मिनिटं थांबायलाच हवं. मग लिलाउ चौक आणि मँडरिन हाऊस: साठाहून जास्त खोल्यांचा चिनी वाडा, प्रवेश फुकट. सकाळी १० ला उघडतो, बुधवारी बंद. म्हणून देवळापाशी ९ ला पोहोचलं की वेळ बरोबर जुळते. तिथून सेंट लॉरेन्स चर्च, सेंट ऑगस्टिन चौक, सेनादो चौक करत सेंट पॉलच्या पडक्या चर्चपर्यंत अडीच किलोमीटरच्या आसपास. आत शिरून बघायचं तर चार तास धरा.

———

वरच्या क्रमात एकच अडचण आहे. सेंट पॉलला पोहोचेपर्यंत दुपार होते आणि तोवर सीमेपलीकडून, चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या सहलींनी पायऱ्या भरून जातात. खालच्या अरुंद गल्लीत दुकानदार बिस्किटं आणि सुकवलेल्या मांसाचे तुकडे चाखायला देतात, तिथे तर रेटारेटीच. मुक्काम असेल तर ही दर्शनी भिंत सकाळी आठच्या आत बघून घ्या. ती उघड्यावर आहे, वेळेचं बंधन नाही. १८३५ च्या आगीत बाकीचं चर्च गेलं, एवढी भिंत आणि पायऱ्या उरल्या. तिच्या मागे डाव्या हाताला ना-चा देऊळ आणि जुन्या तटबंदीचा तुकडा आहे. माती, वाळू, भाताचा पेंढा आणि शिंपल्यांचा चुरा ठासून बांधलेली भिंत. हात लावायच्या अंतरावर असूनही बहुतेक लोक तशीच ओलांडून जातात.

शेजारच्या माउंट किल्ल्यावर चढायचं तर मकाऊ संग्रहालयाच्या बाजूने सरकता जिना आहे. संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्या दिवशी पायीच चढायची तयारी ठेवा.

———

बुटांबद्दल. सेनादो चौकातली काळी-पांढरी लाटांची फरसबंदी पोर्तुगीज पद्धतीची, छोट्या दगडांची. पांढरा दगड चुनखडीचा, पावलांनी घासून गुळगुळीत होतो आणि ओला झाला की साबणासारखा निसरतो. चामडी तळ किंवा झिजलेल्या सपाता नकोत. खाचा असलेला मऊ रबरी तळ हवा. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस नसतानाही हे होतं: समुद्रावरची उबदार दमट हवा थंड दगडाला लागून पाणी सुटतं, जमीन आणि भिंती अक्षरशः घामेजतात. चालायला ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम.

———

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये फिरलेल्यांना निळ्या-पांढऱ्या टाइल्सवरची रस्त्यांची नावं ओळखीची वाटतील. ती वाचता आली की अर्धं काम झालं. रुआ म्हणजे रस्ता, त्राव्हेस्सा म्हणजे दोन रस्ते जोडणारी गल्ली, लार्गो म्हणजे छोटा चौक, बेको म्हणजे बोळ, बऱ्याचदा पुढे बंद. आणि काल्सादा दिसलं की समजा चढ किंवा उतार आलाच. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मोबाइलने सुचवलेल्या वाटेत किती काल्सादा आहेत ते आधी मोजा. नकाशा मिनिटं दाखवतो, चढ दाखवत नाही.

सेंट जोसेफ सेमिनरीचं चर्च चुकवू नका. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या हाताचं हाड इथे जपलंय.

———

गिया टेकडी वेगळ्या दिवशी ठेवा. ती वरच्या वाटेला जोडली की पाय बोलतात. फ्लोरा बागेतून छोटा रोपवे वर जातो, तो सोमवारी बंद. वर १८६५ चं दीपगृह आणि शेजारी चॅपल. चॅपलच्या भिंतींवर पाश्चात्त्य विषयांत चिनी ढब मिसळलेली चित्रं आहेत, फोटो काढू देत नाहीत.

———

बसचं भाडं ६ पताका (मकाऊचं चलन), सुटे परत मिळत नाहीत. हाँगकाँगचे डॉलर दुकानांत चालतात, पण पताकाचं मूल्य थोडं कमी, आणि सुटे पताकात मिळाले तर इथेच संपवा. मकाऊबाहेर ते खपत नाहीत. शाकाहारी असाल तर बदामी बिस्किटं घेताना डुकराची चरबी आहे का विचारा, पारंपरिक कृतीत ती असते. मासे खाणाऱ्यांनी बालिशांव शोधावं. गोव्याच्या बालशांवचं हे नातलग, पण इथे ती खारवलेल्या कोळंबीची चटणी.

———

जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर वेधशाळेचे वादळाचे इशारे रोज बघा, ते क्रमांकांनी देतात. ३ क्रमांकाला शहर चालू असतं, पण टेकड्या आणि झाडांखालच्या वाटा टाळा. ८ लागला की बस थांबतात, बहुतेक पूल बंद होतात, संग्रहालयांना टाळं लागतं. ८ लागणार असं जाहीर झालं त्याच क्षणी मुक्कामाकडे वळायचं. वादळाच्या भरतीचे इशारे वेगळे, रंगांचे असतात. जुन्या बंदराची बाजू सखल आहे. ऑगस्ट २०१७ च्या हातो वादळात तिथे पाणी भरलं होतं. आ-मा मंदिर त्याच किनाऱ्याच्या टोकाला, म्हणून अशा दिवशी चालण्याची सुरुवात तिथून नको.